मी तिथे नव्हतो

मागच्या मार्चमध्ये आमच्या ड्रमरनं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. पिवळट दगडाची, कमानीकमानींची जुनी इमारत, दारात एक टॅक्सी, वर ढगाळ आभाळ. खाली एकच शब्द : 'ओळख.'

मला ओळखता आलं नाही. कुठलं तरी हॉटेल वाटलं. ते हॉटेलच होतं. मग त्याचा दुसरा मेसेज आला, 'अबे, फ्री ट्रेड हॉल. मँचेस्टर. सेक्स पिस्टल्स. चाळीस लोक. तुला नाही कळणार तर कोणाला कळणार?'

आमचा ड्रमर म्हणजे माझा इंजिनिअरिंगचा रूममेट. मूळचा अकोल्याचा. आता तो ड्रम वाजवत नाही, एका बँकेच्या प्रोजेक्टवर मँचेस्टरला आहे आणि दिवसभर जुना जावा कोड नव्या सिस्टिमवर आणतो. माझ्या फोनमध्ये मात्र तो अजून 'ड्रमर' या नावानंच सेव्ह आहे.

'तुला नाही कळणार तर कोणाला कळणार' हे वाक्य वाचून मला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. कारण माझ्या या सगळ्या जाणकारीचा पाया एका खोट्यावर आहे आणि ते खोटं मी त्यालाच सांगितलं होतं.

*

ऑगस्ट 2014. पुण्यातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज, हॉस्टेलचा दुसरा मजला. मी नारायणगावहून आलेलो. घरी टोमॅटोची शेती. मोबाईलच्या मेमरी कार्डात अजय-अतुल, काही तमाशाच्या लावण्या आणि आत्येभावानं टाकून दिलेली बारा इंग्रजी गाणी. पहिल्या आठवड्यात सीनिअर लोकांनी रूमवर बसवून विचारलं, "काय ऐकतो?" आधीच्या पोरानं हिंदी गाण्यांची नावं घेतली, तर सगळे फिदीफिदी हसले. माझी पाळी आली. मी म्हणालो, "मेटॅलिका. बंगलोरचा शो बघितलाय मी."

हा शो खरा आहे. 30 ऑक्टोबर 2011, पॅलेस ग्राउंड्स, मेटॅलिकाचा भारतातला पहिला कार्यक्रम. आमचा आत्येभाऊ तेव्हा बंगलोरला नोकरीला होता आणि तो गेला होता. पुढच्या सुट्टीत गावी आला तेव्हा त्यानं ओट्यावर बसून दोन तास त्याचंच वर्णन केलं होतं. चिखल, गर्दी, चपला कशा हरवल्या, पहिला ठोका पडल्यावर छातीत कसं वाजलं. मी ते वर्णन जसंच्या तसं उचललं. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो होतो, असं जोडून दिलं. प्रत्यक्षात त्या रविवारी मी शेतात क्रेट भरत होतो.

सीनिअर गप्प झाले. एकानं उठून मला खुर्ची दिली. पंधरा मिनिटांपूर्वी मी नारायणगावचा कुणीतरी होतो, आता मी मेटॅलिका बघितलेला होतो.

प्रकरण इथंच संपलं असतं. पण खोलीच्या कोपऱ्यात बसलेला एक मुलगा माझ्याकडे टक लावून बघत होता. रात्री तो माझ्या कॉटवर येऊन बसला. म्हणाला, "खरंच गेला होता तू?"

तोही गेला होता, पण दिल्लीला. बंगलोरच्या दोन दिवस आधी, 28 ऑक्टोबरला गुडगावला मेटॅलिकाचा शो ठरला होता. त्या दिवशी भाऊबीज होती. पंधरा वर्षांचा हा पोरगा ओवाळणी सोडून मोठ्या भावाबरोबर अकोल्याहून रेल्वेनं दिल्लीला गेला. बहीण रडली, आई चिडली. मैदानावर पोचल्यावर बराच वेळ काही होईना आणि मग शो रद्द झाल्याचं जाहीर झालं. लोक भडकले, स्टेजवर चढले, सामानाची मोडतोड झाली. भावानं त्याला हाताला धरून बाहेर काढलं. परतीच्या गाडीत रिझर्व्हेशन नव्हतं. दोघं संडासाजवळ बसून आले.

"छातीत वाजते म्हणतात," तो म्हणाला. "कसं वाजते बे ते? सांग ना."

आणि मी सांगितलं.

पुढची चार वर्षं मी सांगत राहिलो. महिन्या-दोन महिन्यांनी तो काहीतरी विचारायचा. ड्रमचा आवाज आधी येतो की गिटारचा? मागं उभं राहिलं तर शब्द कळतात का? मी इंटरनेटवरून त्या दिवशीच्या गाण्यांचा क्रम पाठ केला. प्रेक्षकांनी मोबाईलवर काढलेले हलते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितले. आधी कुठली बँड वाजली होती तेही शोधून ठेवलं. बिफी क्लायरो, स्कॉटलंडची. त्याच्या प्रश्नांना उत्तरं देता यावीत म्हणून मी रॉकचा इतिहास वाचायला लागलो. एका खोट्याची डागडुजी करता करता मला खरोखर आवड लागली. हे कसं झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण झालं तसंच.

*

तर, त्या फोटोतली इमारत.

4 जून 1976, शुक्रवार. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये वरच्या बाजूला एक छोटं सभागृह होतं, लेसर फ्री ट्रेड हॉल. तिथं लंडनची एक बँड वाजवणार होती. तिचा एकही रेकॉर्ड तोवर आलेला नव्हता. नाव सेक्स पिस्टल्स. तिकीट 50 पेन्स. आलेले लोक साधारण चाळीस.

हा कार्यक्रम कुठल्या कंपनीनं ठेवलेला नव्हता. बोल्टनच्या टेक्निकल इन्स्टिट्यूटमधल्या दोन विद्यार्थ्यांनी ठेवला होता, हॉवर्ड ट्रॅफर्ड आणि पीटर मॅकनीश. त्या फेब्रुवारीत त्यांनी एनएमई या साप्ताहिकात पिस्टल्सबद्दलचं छोटं परीक्षण वाचलं होतं. त्यात संगीताचं कौतुक फारसं नव्हतं, गोंधळाचं वर्णन होतं. दोघांनी मागितलेली गाडी घेऊन दक्षिणेकडे धाव घेतली, सलग दोन रात्री ती बँड बघितली आणि तिच्या मॅनेजरला, माल्कम मॅक्लॅरनला सांगितलं की मँचेस्टरला या, हॉल आम्ही बघतो. परत येऊन त्यांनी नावंही बदलली. ट्रॅफर्डचा झाला हॉवर्ड डेव्होटो, मॅकनीशचा पीट शेली. बँडचं नाव ठेवलं बझकॉक्स.

बझकॉक्सनं त्या रात्री पिस्टल्सच्या आधी वाजवायचं, असं ठरलं होतं. पण बँड तयारच झाली नाही. पुरेसे वाजवणारे नव्हते. म्हणजे ज्यांनी हॉल घेतला, तिकिटं काढली, त्यांनाच स्वतःच्या कार्यक्रमात वाजवता आलं नाही. ऐन वेळी बोल्टनची सोल्स्टिस नावाची बँड आणली. ती पंकशी काहीही संबंध नसलेलं, लांब केसवाल्यांचं रॉक वाजवायची.

मला या कथेतला सगळ्यात आवडता माणूस स्टेजवर नाही, फुटपाथवर आहे. स्टीव्ह डिगल नावाचा एक तरुण हॉलबाहेर कुणाची तरी वाट बघत उभा होता. दोघं मिळून बँड काढायचं बघणार होते. मॅक्लॅरन दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना आत बोलवत होता. डेव्होटो आणि शेली त्या संध्याकाळी एका बेस वाजवणाऱ्याची वाट बघत आहेत, हे त्याला माहीत होतं. त्याला वाटलं हाच तो. त्यानं डिगलला आत नेऊन शेलीसमोर उभं केलं. दोघांचं बोलणं थोडा वेळ भलत्याच रुळावर चाललं, मग चूक लक्षात आली. पण तोवर ओळख झालेली होती. डिगल बझकॉक्सचा बेस वाजवणारा झाला. साडेसहा आठवड्यांनी, 20 जुलैला, पिस्टल्स त्याच हॉलमध्ये पुन्हा आले तेव्हा बझकॉक्सनं त्यांच्याआधी वाजवलं.

4 जूनच्या प्रेक्षकांत सॉल्फर्डचे दोन शाळूसोबती होते, बर्नार्ड समनर आणि पीटर हूक. पुढे त्यांची झाली जॉय डिव्हिजन आणि नंतर न्यू ऑर्डर. मार्क ई. स्मिथ होता, त्यानं द फॉल काढली. मॉरिसी होता, तेव्हा सतरा वर्षांचा. त्यानं त्या कार्यक्रमाबद्दल एनएमईला पत्र लिहिलं आणि ते छापून आलं. द स्मिथ्स निघायला अजून सहा वर्षं होती. पॉल मॉर्ली होता, तो पुढे नावाजलेला संगीत पत्रकार झाला.

समनरनं नंतर जे सांगितलं त्याचा मतलब असा : ते लोक भयंकर वाजवत होते आणि म्हणूनच त्याला ते थोर वाटले, आपणही तिथं चढून तितकंच भयंकर वाजवावं असं वाटलं. हूकनं लगेच बेस गिटार विकत घेतली. त्याला ती वाजवता येत नव्हती.

त्या काळातलं रॉक कसं होतं हे लक्षात घेतल्याशिवाय याचं महत्त्व कळत नाही. मोठाल्या स्टेडियममधले कार्यक्रम, वीस-वीस मिनिटांची गाणी, ट्रक भरून सामान, कीबोर्डवर शास्त्रीय शिक्षण घेतलेले वादक. ते बघून माणूस थक्क होऊन घरी जायचा. पिस्टल्सना बघून माणूस हिशोब करत घरी गेला : एक गिटार, एक ॲम्प, तीन कॉर्ड. एवढं तर जमेल.

*

आता गंमत. हॉलमध्ये चाळीस माणसं होती. पण 'मी तिथे होतो' असं सांगणारे पुढे शेकड्यांनी निघाले. यावर डेव्हिड नोलन या पत्रकारानं एक अख्खं पुस्तकच लिहिलंय. नाव आहे 'आय स्वेअर आय वॉज देअर', म्हणजे शप्पथ, मी तिथे होतो. खरे कोण आणि खोटे कोण, याचा त्यानं माग काढला.

संशयितांत सगळ्यात मोठं नाव टोनी विल्सनचं. ग्रॅनाडा टीव्हीवरचा निवेदक. त्याच वर्षी त्यानं आपल्या 'सो इट गोज' या कार्यक्रमात पिस्टल्सना पहिल्यांदा टीव्हीवर आणलं आणि नंतर फॅक्टरी रेकॉर्ड्स काढून जॉय डिव्हिजनला उभं केलं. 4 जूनला आपण हजर होतो, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. अनेकांच्या मते तो जुलैच्या कार्यक्रमाला होता, जूनच्या नव्हे. 2002 साली त्याच्यावर '24 अवर पार्टी पीपल' हा सिनेमा आला, त्यात तर तो पहिल्या रात्री प्रेक्षकांत बसलेला सरळ दाखवलाय.

मला विल्सनचा राग येत नाही. त्याला खोटं बोलायची गरजच नव्हती. त्यानं जे केलं ते तिथं हजर असण्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. तरी त्याला ती रात्र हवी होती.

त्याच इमारतीत, खालच्या मोठ्या सभागृहात, दहा वर्षं आधी असंच आणखी एक प्रकरण घडलं होतं. 17 मे 1966. बॉब डिलन. आधी तो साध्या गिटारवर लोकगीतं गाणारा. त्या दौऱ्यात तो उत्तरार्धात इलेक्ट्रिक गिटार आणि पूर्ण बँड घेऊन यायचा. जुने चाहते संतापलेले. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "जुडास!" येशूचा विश्वासघात करणारा. रॉकच्या इतिहासातली ही सगळ्यात प्रसिद्ध शिवी असेल.

त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण पुढे चोरून विकलं जायचं आणि त्याच्यावर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं नाव असायचं. वर्षानुवर्षं लोकांना वाटत राहिलं की हे लंडनला घडलं. 1998 साली अधिकृत अल्बम निघाला, तेव्हाही ते चुकीचं नाव अवतरणचिन्हांत घालून तसंच ठेवलं, कारण जगाला तेच नाव ठाऊक होतं. आणि ओरडलं कोण? दोन वेगवेगळ्या माणसांनी पुढे येऊन सांगितलं की तो मीच. एक कीथ बटलर, एक जॉन कॉर्डवेल.

हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. दरवर्षी हंगामाच्या आधी फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर आमच्या गावच्या. पोटुशी असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा आल्या, मागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. आमचे आजोबा सांगायचे, "मी व्हतो ना तिथं. पुढच्या रांगंत." फक्त ते कुठल्या गावी घडलं, हे त्यांच्या सांगण्यात दर वेळी बदलायचं. आजी चुलीपाशी बसून तोंडाला पदर लावून हसायची. ती कधी त्यांना अडवायची नाही.

मी लहान होतो तेव्हा मला ते खोटारडेपणाचं वाटायचं. आता वाटतं, त्यांनी विठाबाईंना नक्की बघितलं होतं. कितीदा तरी. त्यांच्या आयुष्यातली ती मोठी गोष्ट होती आणि तिचं मोठेपण दुसऱ्याला पटवायला त्यांना तीच एक रात्र पुरेशी वाटायची. पण आजोबांच्या त्या गोष्टीवर कुणी स्वतःचं दुःख बांधलेलं नव्हतं. माझ्या गोष्टीवर बांधलेलं होतं. फरक तेवढा.

*

चाळीस माणसांच्या या कथेत एक दोष आहे आणि इंजिनिअर म्हणून मला तो खुपतो. आपण फक्त वाचलेल्यांची मोजदाद करतो. समनर, हूक, स्मिथ, मॉरिसी. उरलेले तीसेक लोक त्या रात्री बस पकडून घरी गेले आणि सोमवारी कामावर हजर झाले. त्यांनी बँड काढली नाही. मग त्यांच्या बाबतीत ती रात्र फुकट गेली का?

आणि ज्यांनी बँड काढली त्यांची बँडसुद्धा त्या रात्रीनं झाली नाही. ती त्यानंतरच्या कंटाळवाण्या कामानं झाली. बझकॉक्सचंच बघा. डिसेंबर 1976 मध्ये त्यांनी चार गाणी रेकॉर्ड केली. कुठल्याही कंपनीच्या दारात गेले नाहीत. ओळखीपाळखीच्यांकडून, घरच्यांकडून 500 पौंड उसने घेतले, न्यू हॉर्मोन्स नावाचं स्वतःचं लेबल काढलं आणि जानेवारी 1977 मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' नावाची रेकॉर्ड आणली. पहिल्या खेपेला हजार प्रती. त्या संपल्या, मग आणखी काढल्या, त्याही संपल्या. कव्हरवर त्यांनी एक वेगळी गोष्ट छापली : कोणतं गाणं कितव्या टेकला जमलं आणि नंतर वर काय काय चढवलं. आपल्याकडे कोडबरोबर रीडमी फाइल देतात, तसंच. हे असं केलंय, तुम्हीही करून बघा. त्यातल्या 'बोअरडम' या गाण्यातला गिटारचा सोलो फक्त दोन सुरांचा आहे. तेच दोन सूर पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं फाइल अडकली.

ती रेकॉर्ड करणारा मार्टिन हॅनेट पुढे जॉय डिव्हिजनचा निर्माता झाला. पीटर हूकची बेस वाजवण्याची पद्धत जगभर नावाजली गेली. बेस म्हणजे खालचे, जाड सूर. हूक मात्र वरच्या बारीक सुरांवर धून वाजवतो. यामागचं कारण त्यानंच सांगितलंय. त्याचा ॲम्प भंगार होता आणि समनरच्या गिटारचा आवाज मोठा. खालचं काही ऐकूच यायचं नाही. वर वाजवलं की निदान स्वतःला ऐकू यायचं. बँडचा गायक इयन कर्टिसला ते आवडलं, मग तेच ठरून गेलं. फुटक्या ॲम्पमुळे एक शैली जन्माला आली.

1979 सालच्या त्यांच्या 'अननोन प्लेझर्स' या अल्बमचं कव्हर तुम्ही नक्की बघितलंय, बँड माहीत नसली तरी. काळ्यावर पांढऱ्या रेघांचे डोंगर. एफ. सी. रोडवर तो टी-शर्ट लटकलेला असतो. मीही पहिल्या वर्षी घेतला होता आणि कुणी विचारलं तर सांगायचो, साउंड वेव्ह आहे. ती साउंड वेव्ह नाही. तो सीपी 1919 या पल्सारचा आलेख आहे. जोसलिन बेल यांना 1967 साली सापडलेला पहिला पल्सार, दर 1.337 सेकंदांनी एक ठोका देणारा मेलेला तारा. हॅरॉल्ड क्राफ्ट या संशोधकाच्या 1970 सालच्या पीएच.डी. प्रबंधात तो आलेख आहे. बँडला तो खगोलशास्त्राच्या एका कोशात सापडला आणि पीटर सॅव्हिल या डिझायनरनं त्याचे रंग उलटे केले.

हे कळलं तेव्हा मी रूमवर एकटाच हसत बसलो. नारायणगावपासून थोड्या अंतरावर खोडदला जीएमआरटी आहे, रेडिओ दुर्बिणींचा मोठा प्रकल्प. दर 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं आणि आम्हा पोरांना शाळेतून न्यायचे. पल्सार हा शब्द मी सातवीत असताना खोडदच्या मांडवात ऐकला होता. तिथल्या एका ताईंनी टेबलावर टकटक करून दाखवलं होतं, तारा असा ठोका देतो म्हणून. म्हणजे त्या टी-शर्टवरची एक गोष्ट अशी होती की जी मला खरीखुरी माहीत होती, जिथं मी खरोखर होतो. आणि ती सोडून मी साउंड वेव्ह म्हणत फिरत होतो.

*

आता आमच्या बँडबद्दल सांगतो. हो, आमची बँड होती.

मेटॅलिका बघितलेला म्हणून मला घेतलं. बेस दिली, कारण बेस कुणालाच नको होती. गॅदरिंगसाठी नाव दिलं, तर ऑडिशनमध्येच बाहेर काढलं. मग फेब्रुवारी 2016 मध्ये एका रविवारी मेसवाल्या काकांना पटवलं. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. टेबलं बाजूला सरकवली. भाड्याचा ड्रमसेट रिक्षातून दोन फेऱ्यांत आणला. तेवीस लोक आले. नक्की आकडा माहीत आहे, कारण काकांनी चहाचे पैसे घेतले. त्यातले सहा जण मेस चालू आहे असं समजून ताटं घेऊन आले होते.

पाच गाणी वाजवली. त्यातली दोन आमची, मराठी. एक ईयर डाउन झालेल्या पोरावर. तिसऱ्या गाण्यात एमसीबी पडला आणि सगळं बंद झालं. अंधारात फक्त ड्रम चालू राहिले. त्यानं थांबायला हवं होतं, पण तो थांबला नाही. लाईट येईस्तोवर, दोन-तीन मिनिटं असतील, तो एकटा वाजवत होता. मी त्याच्यापासून चार फुटांवर उभा होतो. हातात मुकी बेस. बेस ड्रमचा प्रत्येक ठोका माझ्या बरगड्यांत येत होता. पत्र्याच्या छपरावरून परत येत होता. ताट घेऊन आलेल्या एकानं ताटावर चमच्यानं साथ धरली.

शेवटी फर्स्ट इयरचा एक मुलगा पुढे आला आणि बेस ट्यून कशी करतात ते विचारायला लागला. पासआउट होताना त्यालाच मी माझी बेस साडेतीन हजाराला विकली.

नोकरी लागल्यावर ऑफिसात पहिल्या दिवशी विचारतात, स्वतःबद्दल एखादी मजेशीर गोष्ट सांगा. मी सांगितलं, 2011 ला बंगलोरला मेटॅलिका बघितली. दुसऱ्या कंपनीत तेच. डेटिंग ॲपच्या प्रोफाइलवर तेच. मेसमधली रात्र मी कधीच कुणाला सांगितली नाही. ती सांगण्यासारखी आहे असं मला वाटलंच नव्हतं.

*

फोटो आला त्या रात्री मी ड्रमरला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी त्याचाच फोन आला. तो त्या हॉटेलात आत जाऊन आला होता. कॉफी परवडेना म्हणून नुसता लॉबीत बसून आला होता. मोठ्या उत्साहानं सांगत होता. मग म्हणाला, "तू ये बे इथं. आपण दोघं जाऊ. तू असला की त्या जागेचं काही वाटंल. तू बघेल आहे ना मोठं काहीतरी. मी तर रद्द झालेल्या शोचा माणूस."

मी म्हणालो, "मी नव्हतो तिथं."

"कुठं?"

"बंगलोरला. मी कधीच गेलो नव्हतो. आत्येभाऊ गेला होता. मी घरी टोमॅटो भरत होतो."

तो काही बोलला नाही. मागून ट्रामचा आवाज येत होता. मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. सेटलिस्ट पाठ केल्याचं, व्हिडिओ बघितल्याचं, पहिल्याच आठवड्यात सांगायचं ठरवलं होतं पण त्यानं भाऊबीजेची गोष्ट सांगितल्यावर हिंमत झाली नाही, हेही. हे बोलताना माझं मलाच कळत होतं की यातलं एकही कारण पुरेसं नाही.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "अकरा वर्षं, बे."

"हो."

"मंग ते छातीतलं? ते कोणाचं होतं?"

मी आत्येभावाचं म्हणणार होतो. खरं उत्तर तेच होतं, पहिल्या वेळचं. पण पुढच्या अनेक वेळांचं ते नव्हतं. फेब्रुवारी 2016 नंतर त्यानं जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा मी आत्येभावाचं वर्णन सांगणं सोडून दिलं होतं. मला ते स्वतःहून सांगता येत होतं. पत्र्याचं छप्पर, बरगड्या, अंधार. मी फक्त जागेचं नाव बदलत होतो, आजोबांसारखं.

"तुझं होतं," मी म्हणालो. "मेसमधलं. लाईट गेली तेव्हाचं."

त्यानं फोन ठेवून दिला.

तीन आठवडे त्याचा मेसेज नव्हता. मी दोनदा 'सॉरी' लिहिलं, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. त्याला राग यायचा हक्क होता, म्हणून मी तिसऱ्यांदा लिहिलं नाही. मग एका रात्री एक व्हिडिओ आला. मँचेस्टरमधली कुठली तरी तळघरातली जागा, तासावर भाड्यानं मिळणारी रिहर्सल रूम. एक जुनाट ड्रमसेट. फोन खुर्चीवर ठेवून काढलेला, त्यामुळे त्याचं डोकं फ्रेमच्या बाहेर. नऊ वर्षांनी वाजवत होता आणि भयंकर वाजवत होता.

खाली लिहिलं होतं, 'आत्येभावाचा नंबर पाठव. त्याला विचारायचं आहे, खरं कसं होतं ते.'

मी नंबर पाठवला.